सहा गुंठ्यांचा लोकसहभाग

आपल्याकडे माणसाला काही विचारायची सोय नाही. विचारलं की तो सांगतो. आणि एकदा सांगितलं, की ते झालं का हे बघायला रोज संध्याकाळी येतो. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून उभी हयात काढूनही मला हे कळलं नव्हतं, कारण लेखापरीक्षकानं विचारलेलं कुणीच सांगत नाही. ते कळलं निवृत्तीनंतर, कॉलनीच्या मोकळ्या जागेत बाग करायचं ठरलं तेव्हा.

गावाचं नाव सांगत नाही. पालिकेत माझी अजून कामं आहेत. एवढंच सांगतो, की सातारकर आम्हाला सांगलीकडचे समजतात आणि सांगलीकर साताऱ्याकडचे. दोन्हीकडचे पाहुणे जेवायला मात्र आमच्याकडे हक्कानं थांबतात. कॉलनीच्या मधोमध सहा गुंठ्यांची मोकळी जागा आहे. तिच्यात गाजरगवत, कुणाच्या तरी बांधकामातून उरलेली खडी, आणि बरोबर मध्यावर एक जुना कडुलिंब. लिंबाची एक फांदी वाहतूक हवालदारानं हात दाखवावा तशी आडवी गेलेली.

पालिकेनं कळवलं, की उद्यान नागरिकांच्या सहभागातून व्हायचं आहे. तुम्हाला काय हवं ते तुम्ही ठरवा, सगळ्या घरांच्या सहीचा एकच आराखडा महिन्याभरात द्या. नाहीतर निधी शेजारच्या कॉलनीला जाईल. आम्हाला बाग मिळाली नसती तरी आम्ही जगलो असतो. शेजारच्या कॉलनीला मिळाली असती तर मात्र अवघड होतं.

बैठक ठरली सुभेदार लालासाहेबांच्या पोर्चमध्ये. मी उशिरा पोचलो. आपल्याकडे अध्यक्ष लवकर आलेल्यांतून आणि सचिव उशिरा आलेल्यांतून निवडतात. मी चप्पल काढेपर्यंत माझं अभिनंदन झालेलं होतं.

घरी येऊन शकुंतलेला ही बातमी दिली. ती कोथिंबीर निवडत होती.

"एकच सांगते," ती म्हणाली. "लिंबाला धक्का लावायचा नाही. त्या फांदीला आम्ही पंचमीचा झोका बांधतो."

"नोंद घेतो."

"नोंद नको. लक्षात ठेवा."

"अगं, सचिवानं घरातल्या माणसाची सूचना आधी घेतली तर तो पक्षपात होतो. तू रीतसर बैठकीला ये."

"बैठकीला घरटी एक माणूस बोलावलंय. ते तुम्ही आहात." तिनं काड्या बाजूला सारल्या. "अहो, वर्षातून एक दिवस माझे पाय जमिनीवर नसतात. बाकीचे सगळे दिवस तुमच्या स्वयंपाकघरात असतात. तेवढा एक दिवस सोडा."

मी 'बघू' म्हणालो. हा शब्द मी नोकरीत हजारो वेळा वापरला आहे. त्याचा अर्थ तिला ठाऊक आहे.

पालिकेनं पुण्याहून मयूरी नावाची आर्किटेक्ट मुलगी पाठवली. हुशार, हसतमुख, पायात पांढरे बूट. आमच्या मोकळ्या जागेत पांढरे बूट घालून येणारं माणूस मनानं निर्मळच असणार. तिनं प्रत्येकाच्या हातात रंगीत चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाली, "काका, तुमच्या स्वप्नातली बाग या चिठ्ठीवर लिहायची."

"चिठ्ठी कशाला गं पोरी? तोंडानं सांगतो की," तात्या म्हणाले. तात्या मूळचे कुंडलचे. मुलानं इथं बंगला बांधला म्हणून शेती वाट्यानं देऊन आलेत, पण मोकळी जमीन दिसली की अजून त्यांचा हात खिशातल्या तंबाखूवरून उडून हवेतच सरी पाडायला लागतो. "सहा गुंठं हाय न्हवं? ऊस लावा. कडंनं हळद. पानी बोरचं."

"तात्या, ही पब्लिक स्पेस आहे."

"मग पब्लिकनं खावा की ऊस! कोन न्हाई म्हनतंय?"

लालासाहेबांची चिठ्ठी पाठपोट भरलेली होती. आधी झेंड्याचा कट्टा. मग चालायचा ट्रॅक. ट्रॅकवर सगळ्यांनी एकाच दिशेनं चालायचं. "उलटा चालनारा दिसला की शिटी," ते म्हणाले. "पयली शिटी वॉर्निंग. दुसऱ्या शिटीला त्यानं पळायचं."

"आणि तिसऱ्या शिटीला?" मयूरीनं उत्सुकतेनं विचारलं.

"तिसरी वाजवायची येळ येत न्हाई."

माणसाच्या खतावणीला दोन बाजू असतात. लालासाहेबांच्या जमेला असं, की शब्द दिला तर प्राण जाईल पण गाठ सुटणार नाही. नावे बाजूला असं, की शब्द कुणालाही देतात. हे वाक्य पुढं लागणार आहे.

खरा घोळ झाला बाकड्यांवरून. मयूरी सहज बोलून गेली, की बाकडी लोकांनी दिली तर बाग आपलीशी वाटते. आमच्या भागात बाकडं दिलं की त्यावर नाव येतं, आणि नाव म्हटलं की वाडवडील येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फाटकाशी रांग. प्रत्येकाला कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ बाकडं द्यायचं होतं. मी गोळाबेरीज केली. सगळी बाकडी एकाला एक लावून मांडली असती तर सहा गुंठ्यांत बाग न होता एसटी स्टँड झालं असतं. त्यात अटी. एकाच्या वडलांचं आणि शेजाऱ्याच्या वडलांचं हयातभर पटलं नव्हतं, तर त्यांची बाकडी समोरासमोर नकोत. एकांच्या सासूबाईंना ऊन सोसत नसे, तर त्यांचं बाकडं सावलीत. तात्यांना त्यांच्या सर्जा नावाच्या बैलासाठी बाकडं हवं होतं.

"बैलाच्या नावानं बाकडं?" मी म्हणालो.

"का? तुमच्या यादीतल्या निम्म्या मान्सांपरीस तो कष्टाळू व्हता."

हिशेबात मी तात्यांना चूक ठरवू शकलो नाही.

लालासाहेबांना तर स्वतःच्याच नावाचं हवं होतं. "पोरं नंतर टाकतील याची ग्यारंटी न्हाई, साहेब. आत्ताच घ्या. नावाच्या आदी वाईच जागा मोकळी ठेवा. कै. मागनं घालता येईल."

कागदावरचा नकाशा लोकांना कळेना. तात्या तो उलटा धरून बघत आणि पश्चिमेला पूर्व म्हणून भांडत. तेव्हा मयूरीनं युक्ती काढली, की नकाशा जागेवरच काढायचा. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की आणून तिनं दिवसभर उन्हात उभं राहून खऱ्या मापाची बाग जमिनीवर आखली. इथं ट्रॅक, इथं कट्टा, इथं बाकडी. संध्याकाळी सगळी कॉलनी त्या रेघांतून फिरून आली. दार नसलेल्या दारातून लोक वाकून आत गेले. समाधान झालं. उरलेल्या फक्कीचं पोतं मयूरी माझ्या विश्वासावर तिथंच ठेवून गेली.

सकाळी पाहतो तर ट्रॅक तात्यांच्या फाटकापासून लांब गेला होता आणि त्यांच्या वाटणीला एक लांबुळका वाफा आला होता. दुसऱ्या दिवशी झेंड्याचा कट्टा दुप्पट. तिसऱ्या दिवशी सर्जाचं बाकडं सावलीत आणि सासूबाई उन्हात. प्रत्येक जण पहाटे दूध आणायच्या निमित्तानं बाहेर पडे आणि पायानं रेघ पुसून हातानं ओढे. आमच्या कॉलनीत इतक्या लोकांना पहाटे दूध लागतं हे गवळ्यालाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या चपला पांढऱ्या. कुणी कुणाला काही बोलेना. बोलणाऱ्याच्या चपलाही पांढऱ्याच होत्या.

आणि एका सकाळी लिंबाभोवती एक मोठं, देखणं, एकसारखं वर्तुळ. दोरी धरून काढलेलं. बुंध्याला हळदकुंकू वाहिलेलं. बाकीच्या रेघा रोज हलत राहिल्या, पण त्या वर्तुळाला कुणाचा पाय लागला नाही. हळदकुंकवावरून चप्पल फिरवायची छाती कुणाची? मी चौकशी केली. पुरुषांपैकी कुणालाच काही माहीत नव्हतं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'वर्तुळ : अज्ञात इसमाकडून.' शकुंतलेच्या हिरव्या साडीच्या काठाला फक्की लागलेली मी त्याच दिवशी पाहिली होती. ती पिठाची समजलो.

मग आमचे नगरसेवक विश्वजीतदादा उतरले. तात्यांची बायको बनुबाई, त्यांचे हे सख्ख्या बहिणीचे चिरंजीव. दादा म्हणजे उत्साह. त्यांनी जागेवर उभं राहून दोन्ही हात फाकले. "मधोमध कारंजं! रंगीत लाइटचं. पाणी नाचणार, काका, गाण्यावर!"

"मधोमध लिंब आहे," मी म्हणालो.

"असू दे की. काढू." दादांच्या आवाजात झाडाबद्दल राग नव्हता. एखादी खुर्ची हलवायला सांगावी तसा तो होता.

मयूरी म्हणाली, झाड काढायचं तर परवानगी लागेल. मी पालिकेत गेलो. टेबलावरच्या साहेबांनी नोंद उघडली.

"जागेवर झाडं निरंक," ते म्हणाले.

"अहो, कडुलिंब आहे. चांगला दुमजली उंच."

"नोंदीत नाही."

"पण जागेवर आहे."

"जागेवर खूप काही असतं हो."

"मग तोडायचा झाला तर परवानगी?"

"नसलेलं झाड तोडायला परवानगी कशी देणार? कायद्यात बसत नाही. सरळ काम सुरू करा."

"आणि समजा ठेवायचा झाला तर?"

"ठेवायला आधी तो असायला लागतो, साहेब." त्यांनी चहा मागवला. माणूस गोड होता. "कागदावर यायला कार्यक्रम लागतो. ज्या वस्तूचं उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो, ती वस्तू नोंदीला आपोआप चढते. न झालेला रस्तासुद्धा चढलाय आमच्याकडे. तुमच्या लिंबाचं कुणी उद्घाटन केलंय का?"

मी सद्गदित झालो. नोकरीभर मी कागदावर असलेल्या आणि जागेवर नसलेल्या वस्तू शोधल्या. म्हशी, गोदामं, सभासद. जागेवर असून कागदावर नसलेली वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

जेवताना हा किस्सा मी रंगवून सांगितला. शकुंतला आमटी वाढत होती. तिचा हात थांबला.

"परत सांगा."

"काय?"

"ते उद्घाटनाचं."

मी परत सांगितलं. विनोद दुसऱ्यांदा सांगताना उतरतो, तसा तो उतरला. ती हसली नाही, पण मला भात न मागता मिळाला.

आराखडा शेवटी मी पूर्ण केला. कसा ते सांगतो, कारण तेवढंच श्रेय माझं आहे. मी सगळ्यांच्या सगळ्या वस्तू त्यात घातल्या. कट्टा, ट्रॅक, वाफा, बाकडी, कारंजं. मयूरी म्हणाली, "काका, हे एवढ्या जागेत बसणार नाही." मी म्हणालो, "पोरी, बसायचं नाहीच. सह्या व्हायच्या आहेत." प्रत्येकानं नकाशात आपली वस्तू शोधली, सापडल्याबरोबर सही केली. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बाधित वृक्ष' असं होतं. ते कुणी वाचलं नाही. आमच्या घराची सही मी केली.

"आपल्या घरातनं कुणी सही केली?" शकुंतलेनं विचारलं.

"मी."

"बरं."

संस्थेचा चेअरमन 'बरं' म्हणाला की मी कपाटाच्या किल्ल्या आधी ताब्यात घेत असे. घरात ही दक्षता राहत नाही.

विश्वजीतदादांचा फोन आला. "काका, भूमिपूजन. मंगळवार की गुरुवार? तुम्ही सांगाल तो दिवस."

इथं मला तिची सूचना न घेतल्याची भरपाई करायची लहर आली. मी स्वयंपाकघरात डोकावलो. "शकुंतला, भूमिपूजनाला मंगळवार बरा का गुरुवार?"

कॅलेंडर तिच्या दारामागं असतं. तिनं दार ओढून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मंगळवार," ती म्हणाली. "मंगळवारसारखा दिवस नाही."

मी कॉलनीच्या ग्रुपवर तारीख टाकली. पाच मिनिटांत सगळ्या घरांनी अंगठे वर केले. लालासाहेबांनी झेंडा टाकला, तात्यांच्या नातवाच्या फोनवरून बैल आला. आमच्या ग्रुपवर आजवर पाणी सुटायच्या वेळेवरही एकमत झालेलं नाही. मला तिथंच शंका यायला हवी होती. मी उलट शकुंतलेला म्हणालो, "बघ, याला नेतृत्व म्हणतात."

सोमवारी रात्रीच तिनं मंगळवारची भाजी चिरून ठेवली. मी ते तिचं नियोजन समजलो. तिच्या हातावर मेंदी होती. कार्यक्रमाला बायकांनी नटावं हे मला आवडलं. मंगळवारी सकाळी ताटात चपाती नव्हती. उकडलेली पुरणाची दिंडं होती, वर तुपाची धार. सचिवाचा एवढा मान घरात पहिल्यांदाच होत होता. मी चार खाल्ली. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांच्या पुराव्यांवरून निष्कर्ष काढले, तो माणूस पुराव्यावर तूप ओतून पुरावा खात बसला होता आणि भाषण पाठ करत होता.

मोकळ्या जागेत मंडप लालासाहेबांनी घातला होता. व्यासपीठामागं लिंब झाकेल असा मोठा पडदा. "बॅकग्राउंडला," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, ते माझ्या नंतर लक्षात आलं. पुढं जेसीबी, झेंडूच्या माळा घालून, घोड्यावर बसायच्या नवरदेवासारखा. त्यावर ड्रायव्हर अर्जुना, जत तालुक्यातला, अबोल गडी. माझ्या हातात तबक, तबकात फीत कापायची कात्री.

विश्वजीतदादा आले. फोटोग्राफर आला. दादांनी कुदळ उचलून पोज दिली आणि अर्जुनाला म्हणाले, "हं, लाव मशीन. कारंज्याचा खड्डा काढूनच टाक आज."

"आज?" अर्जुना म्हणाला. "फोटोपुरती आनलीया ना, दादा?"

"फोटोपुरती कशाला? काम सुरू कर."

अर्जुनानं मशीनची किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. खिशाचं बटण लावलं. "न्हाई जमायचं."

"का रे?"

"पंचमी हाय आज. आज माती उकरत न्हाईत. लोखंड लावत न्हाईत जमिनीला. नागाला लागतंय."

माझ्या पोटातली चार दिंडं मला एकेक करून आठवली.

"अरे, ते नांगराला असतं," दादा म्हणाले. "ही मशीन आहे."

"मशीनला बी दातच हायत की, दादा. माजी आय घरात घ्यायची न्हाई मला."

दादा हळूच माझ्याकडे वळले. "काका, तारीख कुणी काढली?"

मी समोर पाहिलं. तात्या आभाळ न्याहाळत होते. लालासाहेब बुटाचं टोक. सगळी कॉलनी इतकी गंभीर होती, की मला कळून चुकलं. आख्ख्या कॉलनीत आज नागपंचमी आहे हे ठाऊक नसलेला मी एकटाच होतो.

"मी," मी म्हणालो. लेखापरीक्षकाची सही असल्यावर नाकारता येत नाही.

दादांचं तोंड बघवेना. फोटोग्राफरला दुसरीकडे जायचं होतं. दादांनी कुदळीची मूठ घट्ट धरली. "एक घाव मारतो. नुसता नावाला."

तेवढ्यात बायका आल्या. नव्या साड्या, हातात लाह्या-दुधाची ताटं, आणि सगळ्यांच्या पुढं बनुबाई. साठी उलटलेली बाई, पण चाल अशी की मंडपाचे खांब बाजूला सरावेत.

"मार की रं घाव," त्या म्हणाल्या. "मी तुज्या आईला फोन लावते. तिला बी बगू दे."

"मावशी, तसं न्हाई..."

"लावलाच बग. उचलला. अगं ताई, ह्यो बग तुजा इस्वजीत. कुदळ हाय हातात. व्हय, आज!"

फोनमधून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण दादांनी कुदळ खाली ठेवली. ठेवली म्हणण्यापेक्षा, दादा वयानं लहान झाले आणि ती त्यांच्या हातून निसटली.

"मग मी आलो कशाला?" ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. "पेपरवाला आलाय. काहीतरी करायला पाहिजे ना?"

"करायचं तर हायच," बनुबाई म्हणाल्या. "लालासाहेब, पडदा!"

लालासाहेबांनी टाच आपटली, दोरी ओढली, आणि पडदा खाली आला. मागं लिंब. आडव्या फांदीला सोलाचा, म्हणजे जाड दोरखंडाचा झोका, पाटाला झेंडूच्या माळा, आणि झोक्याच्या दोन दोरांमध्ये गुलाबी फीत.

"गाठी कुणी मारल्या?" मी दातांखालून विचारलं.

"आवं, बनुवैनींना शबूद दिला व्हता," लालासाहेब म्हणाले. "तुमालाबी सही करून दिला व्हता. पर त्यांचा आदीचा."

मी तबक पुढं केलं. बनुबाईंनी कात्री उचलून कमरेला खोचली. "आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. फीत सोडायची." मग श्रीफळाचा प्रश्न निघाला. नारळ फोडणं हे कापण्यात येतं का? तात्यांचं मत, फोडणं वेगळं आणि चिरणं वेगळं. नारळ आपण होऊन फुटतो, माणूस फक्त त्याला दगड दाखवतो. यावर बराच खल झाला आणि तात्यांचं मत ग्राह्य धरलं गेलं. दादांनी बुंध्याजवळच्या दगडावर नारळ वाढवला, फितीची गाठ सोडली, टाळ्या पडल्या.

"आता बस," मावशी म्हणाल्या.

"मी?"

"मग काय तुजं कारंजं बसतंय?"

दादा बसले. बनुबाईंनी पदर खोचून असा रेटा दिला, की दादांची एक चप्पल मंडपाच्या छतावर गेली आणि ते स्वतः लिंबाच्या पानांत जाऊन आले. पहिल्या झोक्याला त्यांनी डोळे मिटले होते. तिसऱ्याला उघडले. पाचव्याला ते ओरडले, "मावशी, अजून जोरात!" फोटोग्राफरनं नेमका तो क्षण टिपला.

माझं भाषण झालं नाही. कुणी मागितलंही नाही.

सकाळी पेपरात फोटो आला. नगरसेवकांच्या हस्ते झोक्याचे लोकार्पण, नागरिकांच्या सहभागातून अभिनव उपक्रम. दादांना इतके फोन आले की कारंज्याचं ते विसरूनच गेले. शकुंतलेनं ते पान घडी न पाडता माझ्या हातात दिलं. "पालिकेत नेऊन दाखवा," ती म्हणाली, "त्या चहावाल्या साहेबांना."

साहेबांनी फोटो पाहिला, नोंद उघडली, आणि शब्दाला जागले. 'झोका, एक. आधार : वृक्ष, कडुलिंब, एक.' उद्घाटन झालेली वस्तू पाडता येत नाही, आणि फांदीशिवाय झोका राहत नाही. अशा रीतीनं आमचा लिंब झोक्याच्या आधारानं सरकारदरबारी उगवला. इतकी वर्षं झोका लिंबाच्या आधारानं होता, त्याची परतफेड झाली.

मयूरी दुसऱ्या आठवड्यात आली. लिंबाभोवतीचं ते वर्तुळ बघत बराच वेळ उभी राहिली. "काका, हे कुणी आखलं? हा पार आहे. इथं गोल पार बांधला की सगळ्यांना बसता येईल."

"अज्ञात इसमानं," मी म्हणालो. आता माझ्या आवाजात तेवढा ठामपणा नव्हता.

पारानं बाकड्यांचाही निकाल लावला. सगळी नावं पाराच्या कडेनं गोलात कोरली. गोलाला पहिला नंबर नसतो आणि शेवटचाही नसतो. समोरासमोर कुणी येत नाही, आणि सावली फिरत फिरत सगळ्या नावांवरून जाते. सासूबाईंना दुपारची मिळते, सर्जाला सकाळची. लालासाहेबांच्या नावाआधी दोन बोटं जागा मोकळी आहे. ते रोज येऊन ती मोकळीच आहे याची खात्री करतात आणि खूश होऊन ट्रॅकला लागतात. उलटं चालणारा आजवर एकच सापडला. ते तात्या होते. त्यांनी दुसऱ्या शिटीलाही दाद दिली नाही. तात्यांचा ऊस कुंपणालगत एक सरी उभा आहे. मयूरीनं आराखड्यात त्याला 'शोभेचे उंच गवत' म्हटलंय. विश्वजीतदादांचं कारंजं फाटकाजवळ आहे. त्याला निळा दिवा आहे, आणि लोक त्यात हात धुतात.

पार झाल्यावर एका संध्याकाळी बागेत फारसं कुणी नव्हतं. झोका आता बारमाही आहे. सोडून ठेवला तर नोंदीत फरक पडेल म्हणून पालिकेनंच तो कायम केला. शकुंतला पारावर बसली होती.

"बसा," ती झोक्याकडे बघून म्हणाली.

"मी? या वयात?"

"दादा बसले."

"ते लोकप्रतिनिधी आहेत."

"तुम्ही सचिव आहात. बसा."

मी आजूबाजूला बघून बसलो. तिनं मागून रेटा दिला. पहिल्या झोक्याला मी अब्रू धरून होतो, दुसऱ्याला दोर. वर गेल्यावर सबंध बाग एका नजरेत आली. ट्रॅक, ऊस, निळा दिवा, गोल पार. कागदावर मी ती इतक्या वेळा पाहिली होती, पण हे बरोबर बसलंय असं वाटलं ते तेव्हा. पायात चप्पल राहिली नव्हती आणि खाली जमीनही नव्हती. मला ते बरं वाटलं हे इथं लिहायला हरकत नाही.

"शकुंतला," मी वरून म्हणालो, "मंगळवारी पंचमी होती हे तुला माहीत होतं."

"होतं."

"मग सांगायचं नाही का?"

झोका खाली आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, क्षणभर थांबवला.

"अहो, सगळ्या कॉलनीला सगळं विचारलंत. मला एकच विचारलंत, मंगळवार की गुरुवार." मागून आलेल्या आवाजात हसू होतं. "सांगितलं की मी."

आणि तिनं आणखी जोरात रेटा दिला.